कात्रज–सिंहगड, राजगड–तोरणा की कळसूबाई? सोलापूरच्या ग्रुपने काय निवडावं

सोलापुरात "एकदा चांगला दमवणारा ट्रेक करूच" असा विषय निघाला की तीन नावं हमखास पुढे येतात: कात्रज ते सिंहगड, राजगड ते तोरणा आणि कळसूबाई. तिन्ही उजेडाच्या वेळात होतात, तिन्हींत घाम निघतो. पण पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींची तुलना आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांचा दिवस पायथ्याला सुरू होतो, आपला आदल्या रात्री स्टेशनवर नाहीतर सात रस्त्यावर. पायथ्याशी पोचेपर्यंत आपली अर्धी झोप उडालेली असते. म्हणून आपण शिखराची उंची सगळ्यात शेवटी बघावी. आधी झोपेचं आणि परतीचं गणित, मग उतार किती ते, आणि मग ग्रुपमध्ये सगळ्यात सावकाश चालणारा कोण आहे ते.

यावर लगेच कोणीतरी म्हणणार, "कोजागरीला तुळजापूरला चालत जातो की बे! ४५ किलोमीटर. हे पंधरा काय घेऊन बसलात?" तुळजापूरची वाट ज्यांनी खरोखर पुरी केली आहे त्यांच्याकडे एक गोष्ट नक्की असते, ती म्हणजे तासन् तास चालत राहायचं डोकं. डोंगरात ते कामाला येतं. पण ती वाट डांबरी, घाट येईपर्यंत बहुतेक सपाट, वेळ रात्रीची आणि गार. वाटेत चहा आहे, फराळ आहे, थकलं तर कडेला टेकायची सोय आहे. त्या चालण्यात तळपायांची परीक्षा होते, मांड्यांची होत नाही. सह्याद्रीत त्रास देतो तो उतार. चढताना दम लागतो, थांबलं की जातो. उतरताना गुडघा बोलायला लागला की थांबून काही होत नाही, कारण खाली तर जायचंच असतं. डोंगरातले किलोमीटर ऐकून हुरळू नका आणि घाबरूही नका. चढ-उतार किती, एवढंच विचारा.

कात्रज ते सिंहगड

जुन्या कात्रज बोगद्याजवळच्या वाघजाई मंदिरापासून वर चढायचं आणि धारेधारेने, म्हणजे डोंगराच्या कण्यावरून, सिंहगड गाठायचा. अंतर १५ किलोमीटरच्या आसपास, मध्ये तेरा टेकड्या असं ट्रेकर लोक सांगतात. पाचवी-सहावी टेकडी झाली की मोजणं बंद होतं, कारण सगळ्या सारख्याच दिसतात. एकेक टेकडी काही मोठी नाही. पण चढलेलं सगळं उतरायचं आणि परत चढायचं, हे तेरा वेळा. उतारांवर मुरमाचा घसारा आहे. बुटाच्या तळाला नक्षी उरलेली नसेल तर माणूस बसूनच खाली येतो. सिंहगड समोर दिसत असतो आणि जवळ येत नाही, हा या वाटेचा खरा छळ.

सावली नाही, भरवशाचं पाणीही नाही. पाणी सगळं पाठीवर न्यायचं, माणशी कमीत कमी ३ ते ४ लिटर. उन्हामुळेच बरेच जण हा ट्रेक चांदण्या रात्री करतात. सोलापूरकराला इथे एक फुशारकी सुचते, की आम्ही ४३-४४ डिग्रीत राहणारी माणसं, आम्हाला कसलं ऊन? ऊन सोसणं वेगळं आणि उन्हात पाठीवर ओझं घेऊन चढणं वेगळं. मे महिन्यात आपणही दुपारी घरातच असतो. तेव्हा मार्च ते मे या वाटेचं नाव काढू नका. ऑक्टोबर ते जानेवारी उत्तम.

तरीही सोलापूरच्या ग्रुपसाठी ही वाट सगळ्यात सोयीची आहे, आणि त्याचं कारण डोंगरात नाही, रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमाराची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली की मध्यरात्र उलटल्यावर पुण्यात. स्टेशनवर तास-दोन तास पाय पसरायचे, मग रिक्षाने कात्रज, आणि फटफटताच चढायला सुरुवात. अनोळखी धारेवर अंधारात शिरण्यात शहाणपणा नाही. बरा चालणारा ग्रुप सात तासांत गडावर पोचतो. तिथे पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि खाली यायला जीप. पायांना शेवटचा मोठा उतार माफ होतो, ही गोष्ट लहान समजू नका. संध्याकाळी सहाच्या सुमारास पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस निघते, दहाच्या आसपास घरी. ती हुकली तर तासाभराने वंदे भारत आहे, फक्त तिचा सुट्टीचा वार आधी बघून ठेवा. आणि सकाळच्या हुतात्माने जाऊन ट्रेक करू असं कोणी सुचवलं तर त्याला सांगा, ती पुण्यात साडेदहाच्या सुमारास पोचते. म्हणजे पहिली टेकडी भर दुपारी.

राजगड ते तोरणा

तिघांत खरा कस लावणारा हाच, आणि सगळ्यात देखणाही हाच. गुंजवण्यातून चोरदरवाजाने राजगडावर चढायचं, पद्मावती माचीवरून संजीवनी माचीकडे जायचं, माचीतल्या अळू दरवाजाने उतरून धारेला लागायचं, खिंड ओलांडून तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचं आणि बिनी दरवाजाने वेल्ह्यात उतरायचं. म्हणजे एका दिवसात दोन गड पूर्ण चढायचे आणि दोन्ही पूर्ण उतरायचे. आठ ते दहा तास धरा. नवखे असतील तर जास्तच.

राजगड ही रायगडाच्या आधीची शिवरायांची राजधानी. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. तोरणा १४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातल्या सगळ्यात उंच किल्ल्यांपैकी एक. हे सांगायचं कारण असं, की या ट्रेकला गेलेला ग्रुप दोन्ही गड नीट बघत नाही. वेळच नसतो. बालेकिल्ला, सुवेळा माची, नेढं (खडकातलं आरपार भोक) हे सगळं डावीकडे सोडून संजीवनीकडे वळावं लागतं. ज्यांना किल्ला बघायचा आहे त्यांनी फक्त राजगड करावा, निवांत. जोडट्रेक हा चालण्याचा शौक असणाऱ्यांसाठी आहे.

संजीवनी माचीवर मात्र दहा मिनिटं थांबाच. दुहेरी तटबंदी, दोन भिंतींमधून जाणारी एका माणसापुरती चिंचोळी वाट, मधूनच बुरुजात खाली उतरणाऱ्या पायऱ्या. आत शिरलं की वारा एकदम बंद होतो आणि आपल्याच बुटांचा आवाज यायला लागतो. शत्रू बाहेरची भिंत चढून आत आला तरी तो या बोळात अडकणार, हे तिथे उभं राहिल्यावर न सांगता कळतं.

निर्णय घ्यायची जागा म्हणजे अळू दरवाजा. माझं मत ठाम आहे: सकाळी साडेदहापर्यंत सगळा ग्रुप तिथे नसेल तर तोरणा रद्द. मागे फिरा, पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी उतरा. कारण पुढची धार चार-पाच तास खाते आणि तिच्यावरून मध्येच घरी जाता येत नाही. खिंडीत गाडीरस्ता आडवा येतो, तेवढी एकच सुटका. तिथे गाडी बोलवायची झाली तर ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवायला हवं, कारण डोंगरात मोबाइलला रेंज असेलच असं नाही. खिंडीनंतरचा तोरण्याचा चढ दुपारच्या उन्हात येतो आणि पायांत गोळे येतात ते बहुतेक तिथेच.

गाडीचा प्रश्न इथे दुहेरी आहे. सुरुवात गुंजवण्यात, शेवट वेल्ह्यात, म्हणजे कोणीतरी गाडी फिरवून आणायला हवी. आणि दहा तास डोंगर तुडवलेल्या मित्राने रात्री वेल्ह्याहून सोलापूरपर्यंत गाडी चालवायची, हा बेत मला तोरण्याच्या कुठल्याही कड्यापेक्षा भयानक वाटतो. इंदापूर-टेंभुर्णीच्या सरळ रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही. तेव्हा क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घ्या, ड्रायव्हरसकट. तो दिवसभर झोप काढेल, गाडीही वेल्ह्यात आणेल. हा खर्च जमत नसेल तर हा ट्रेक आपल्यासाठी नाही असं समजा.

पावसाळ्यात पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी इकडे फिरकू नये. धुक्यात वाट दिसत नाही, धारेवर पाय घसरतो. आणि गडावर मोहोळं असतात, तेव्हा अत्तर-डिओ मारून जाऊ नका, शेकोटी-धूर करू नका.

कळसूबाई

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. या एका वाक्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर कळसूबाईला सगळ्यात जास्त मतं पडतात. प्रत्यक्षात तिघांत ही वाट सर्वांत सोपी. बारी गावातून मळलेली वाट आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत, शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. सुट्टीच्या दिवशी वाटेत लिंबू सरबतही मिळतं. तीन-साडेतीन तास वर, दोन-अडीच तास खाली. उंचीने चक्कर येईल अशी भीती काहींना असते. एवढ्या उंचीवर तसं काही होत नाही. दम लागतो तो चढाचा.

मोठा फायदा हा, की आल्या वाटेनेच परतायचं. एखाद्याला झेपलं नाही तर तो अर्ध्यावर सावलीत बसून राहू शकतो आणि बाकीचे येताना त्याला घेऊन येतात. वरच्या दोन्ही वाटांवर ही सोय नाही. बायको, मेव्हणा, मेव्हण्याचा बारावीतला मुलगा असा मिश्र ग्रुप असेल तर कळसूबाईच.

पण प्रवास! करमाळा, नगर, संगमनेर, अकोले, राजूर करत बारीला जायचं म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. रात्रभर गाडीत, सकाळी शिखर, परत रात्रभर गाडीत. चालणं सहा तासांचं आणि बसणं त्याच्या दुपटीहून जास्त. सिद्धेश्वरने कल्याणला उतरून लोकलने कसारा आणि पुढे जीप अशीही युक्ती आहे, पण शिखरावर पोचेपर्यंत दुपार होते. कळसूबाई दोन दिवसांचीच करावी. आदल्या संध्याकाळी बारीत किंवा भंडारदऱ्यात मुक्काम, गावातल्या घरी जेवण सांगून ठेवायचं, आणि पहाटे चढायला सुरुवात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शिड्यांखाली रांग लागते. जमलं तर मधला वार गाठा.

(हरिश्चंद्रगडची नळीची वाट ही फार अवघड चढाई. ती कोणी सुचवली तर हसून चहा मागवा.)

मग कोणता?

ग्रुपवर वीस जण हो म्हणतात, निघायच्या दिवशी सात-आठ येतात. निवड त्या सात-आठांवरून करा. बहुतेक जण नवखे, रविवारी रात्री घरी पाहिजेच, गाडीचा खर्च नको, असं असेल तर कात्रज–सिंहगड, डोळे झाकून. निम्म्याहून जास्त जण नियमित पळणारे किंवा चालणारे असतील, एकाने तरी वाट आधी बघितलेली असेल आणि ड्रायव्हर ठरला असेल, तरच राजगड–तोरणा. तोही नोव्हेंबर ते जानेवारीत, आणि सोमवारची रजा टाकून. जोडून सुट्टी मिळाली तर कळसूबाई. पहिल्याच खेपेला थेट राजगड–तोरणा करायची खुमखुमी ज्याला आहे तो बहुतेक सगळ्यांत तरुण असतो आणि "काय होत नाही बे" हे त्याचं पालुपद असतं. त्याला रांगेत सगळ्यात मागे ठेवा. पुढे सावकाश चालणारा. त्याच्या वेगाने सगळा ग्रुप चालला तर कोणी एकटा मागे राहत नाही.

तयारीला सोलापुरात डोंगर नाही हे खरं. जिने आहेत. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची बॅग घेऊन चार-पाच मजले चढा आणि, महत्त्वाचं म्हणजे, लिफ्टने न येता जिन्यानेच उतरा. आठवड्यातून तीन-चारदा, महिनाभर. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील. त्या इथेच दुखून गेलेल्या बऱ्या. सिद्धेश्वर तलावाभोवतीच्या फेऱ्या तब्येतीला चांगल्या, पण उताराच्या कामाच्या नाहीत. नवे बूट ट्रेकला पहिल्यांदा घालू नका, आधी याच जिन्यांवर वापरून घ्या.

डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी येणारच. टिकते, हलकी असते, बॅगेत चुरा झाला तरी खाता येते. मात्र कात्रजच्या धारेवर एक लक्षात ठेवा: कोरडी कडक भाकरी घशाखाली उतरवायला पाणी लागतं, आणि तिथे पाणी मोजकं असतं. तिकडे जाताना मऊ पोळ्या, केळी, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि ओआरएसची पाकिटं न्या. भाकरीचा डबा कळसूबाईच्या मुक्कामाला उघडा, नाहीतर परतीच्या हुतात्मात, दौंड गेल्यावर.