कर्नाळा की गोरेगावचं निसर्ग केंद्र?

शाळेची सहल असेल तर बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या निसर्ग अभ्यासणाऱ्या संस्थेचं, गोरेगावच्या फिल्मसिटीजवळचं केंद्र निवडा. ३३ एकरांचं हे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. माहितगार माणूस सोबत चालतो. पानावरच्या मुंग्यांचं घरटं, कोळ्याचं जाळं दाखवत मुलांना प्रश्न विचारतो. चाळीस मुलांना अशी शिस्तीतली फेरी हवीच.

घरच्यांसोबत मात्र मी कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यातच जाईन. पनवेलपुढे, मुंबई-गोवा महामार्गालगत. तिथे शिकवायला कुणी नसतं, पण घाई करायलाही नसतं. सकाळी लवकर पोचा, दुर्बीण पोरांच्या हातात द्या आणि गप्प बसा. शेपटीच्या दोन लांब तारा मिरवणारा भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. आवाज नेमका कुणाचा, हे मुलांनाच शोधू द्या. तिथल्या किल्ल्याची चढण लहानग्यांना झेपत नाही, ती सोडा.