शेड जुळली, पण नंबर पुसला गेला : फाउंडेशनचा उन्हाळा-पावसाळ्यानंतरचा अनुभव

माझ्या गव्हाळ, किंचित पिवळसर झाक असलेल्या त्वचेला जुळणारी शेड मार्चमध्ये रत्नागिरीच्या रामआळीत मिळाली. मात्र बाटली संपत आली तेव्हा ती शेड नेमकी कोणती, हे कळण्याचा मार्गच उरला नव्हता. कंपनीने नंबर काचेवर न छापता बुडाच्या कागदी चिकटपट्टीवर छापला आहे, आणि जुलैत जिथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते तिथे कागद टिकणार नव्हताच. त्यात ‘डब्ल्यू’ हे पिवळसर झाकेचे अक्षर होते, एवढेच आठवते.

मूळ वस्तू उत्तम आहे. ट्यूबलाइटखाली मनगटावर रंग पाहणे फसवे असते, म्हणून जबड्याच्या कडेला दोन-तीन शेडच्या रेघा ओढून मी दुकानाबाहेर उजेडात अर्धा तास थांबले. त्वचेच्या तेलात मिसळून बरीच फाउंडेशन काही वेळाने गडद होतात. जी रेघ तेवढ्या वेळानंतरही मानेच्या रंगात मिसळलेली राहिली, ती घेतली.

मे महिन्यात भाट्ये किनाऱ्यावरच्या उन्हाने चेहरा रापला, त्यात सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचा पांढरटपणा मिसळला, आणि तीच शेड पीठ फासल्यासारखी दिसू लागली. तेव्हा हिला दोनच तारे द्यायचे ठरवले होते. परंतु पावसाळ्यात रापलेपणा उतरला आणि गणपतीत ती पुन्हा चपखल बसली. उन्हाळ्यासाठी गडद शेडची दुसरी पूर्ण बाटली घेणे मला परवडत नाही. गडद शेडची छोटी ट्यूब आणून थेंबभर मिसळणे पुरेसे व्हावे.

आता ग्राहक सेवेविषयी. त्यांनी शेडचा नंबर विचारला. बॅच नंबर मात्र काचेवर ठसठशीत छापलेला आहे, तो कळवला. त्यावरून शेड सांगता येत नाही, चिकटपट्टीचा फोटो पाठवा, असे उत्तर आले. जी पट्टी उरलीच नाही तिचा फोटो कसा काढावा, या प्रश्नाला उत्तर नाही. दुकानाच्या बिलावरही केवळ ‘कॉस्मेटिक’ आणि किंमत आहे.

तळाशी थोडे फाउंडेशन शिल्लक आहे, ते दुकानातल्या टेस्टरशी ताडून पाहणार आहे. घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी नंबर पक्क्या शाईने झाकणाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा. चार तारे, पाचवा, नंबर काचेवर छापतील तेव्हा.