गाडीच्या फ्यूजचा डबा आणि टेस्ट लॅम्प, घ्याच

तीन महिने वापरून लिहितोय. ऑनलाइन मागवलेला ब्लेड फ्यूजचा (दोन चपटे पाय असलेले प्लास्टिकचे रंगीत फ्यूज) छोटा डबा, 5 पासून 30 अँपिअरपर्यंत सगळे, सोबत प्लास्टिकचा चिमटा आणि 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प. मागच्या महिन्यात ताम्हिणी घाटात भर पावसात वायपर बंद पडला, गाडी बाजूला घेतली, गाडीच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या चित्रावरून वायपरचा फ्यूज शोधला. टेस्ट लॅम्पची क्लिप गाडीच्या धातूच्या बॉडीला लावायची आणि इग्निशन चालू ठेवून फ्यूजच्या डोक्यावर जे दोन बारीक धातूचे ठिपके दिसतात त्यांना टोक लावायचं, दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागला तर उडालेला. माझा उडालेलाच होता, पाच मिनिटांत बदलून निघालो, केवढा जीव भांड्यात पडला!

रंग बघूनच टाका हां, लाल 10, निळा 15, पिवळा 20. उडतोय म्हणून मोठा टाकलात तर वायर जळेल, कृपया करू नका. नवीन पण लगेच उडला तर कुठेतरी शॉर्ट आहे, सरळ वायरमनकडे जा.

रिलेसाठी (म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच) डब्यात काही नाही, पण हॉर्नचा रिले गेलाय वाटलं तर गाडीच्या फ्यूज बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघा, लगेच कळतं.

चिमटा मात्र अगदीच तकलादू, दुसऱ्याच वेळी तुटला. घेण्याआधी जुना फ्यूज काढून साइज जुळवा, मिनी वेगळा येतो. पाचपैकी चार.