बफ-पॉलिश: समईला द्या, तोफगोळ्याच्या फुलदाणीला नको

बेळगाव बाजारातल्या बफ-पॉलिशने, म्हणजे फिरत्या चाकावर घासून दिलेल्या चकाकीने, समई झळकते. तिथे पाचपैकी चार गुण. तोफगोळ्याच्या पितळी कवचावर युद्धकैद्याने नक्षी कोरून केलेल्या फुलदाणीला मात्र शून्य. फिरत्या चाकाने नक्षीच्या रेघा बोथट होतात, बुडावरचे शिक्केही पुसट होतात. आणि फुलदाणी कुठली, कधीची याचा शोध तर बुडापासूनच सुरू होतो: कारखान्याची खूण, तोफेचा प्रकार, वर्ष. हे वर्ष कवचाचं, कोरीवकाम त्यानंतरचं. बॅटरीचा उजेड तिरपा पाडून फोटो काढा. नाव किंवा छावणी कोरलेली असेल, तर रेडक्रॉसची पहिल्या महायुद्धातल्या (१९१४-१८) कैद्यांची कार्डं ऑनलाइन फुकट पाहता येतात. धूळ मऊ ब्रशने झटका. चिंच, लिंबू अजिबात नको. बुडातली टोपी (दारू पेटवणारा भाग) ठोका न बसलेली दिसली, तर ती जिवंत असू शकते; पॉलिशचं दुकान राहू दे, आधी पोलिसांना कळवा.