फ्रेशआरएसएस, काही महिन्यांनंतर: अर्धवट फीडचं दुखणं

फ्रेशआरएसएस म्हणजे स्वतःच्या संगणकावर चालवायचा फीड-रीडर: साइट आपल्या नव्या लेखांची जी आपोआप वाचता येणारी यादी (फीड) देतात, त्या तो एका जागी जमवतो. ते कसं बसवायचं हे इथे पुन्हा सांगत नाही. पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर, एसक्यूलाइटवर (एका फाइलीत मावणारा साधा डेटाबेस) ते बिनतक्रार चालतं आणि एका माणसाच्या वाचनाला तेवढं पुरतं. दरमहा पैसे मोजायचे नाहीत, हेच माझ्या दृष्टीने निम्मं काम. राग आहे तो अर्धवट फीडवर. दोन परिच्छेद येतात आणि खाली ‘पुढे वाचा’.

बातम्यांना हे चालून जातं. पण हौशी तंत्रज्ञ स्वतःच्या साइटवर लिहितात त्यातला खरा माल तळाशी असतो. केन शिरिफ यांनी २०१२ मध्ये डझनभर यूएसबी चार्जर मोजून पाहिले. नकली चार्जर फोडून आत मेन्सची (भिंतीतल्या, धक्का देणाऱ्या विजेची) बाजू आणि फोनकडची बाजू किती जवळ आणून ठेवलीय, तेही दाखवलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्तातला चार्जर हातात घेताना कामाला येते ती ही माहिती. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यावरून ती कधीच कळत नाही. डॅन लू यांनी २०१७ मध्ये कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंतचा वेळ कॅमेऱ्याने मोजला. त्यात १९८३चा ॲपल टू-ई ३० मिलिसेकंदांवर, बऱ्याच नव्या संगणकांच्या पुढे. मोजणी कशी केली, तक्ता काय सांगतो, नंतर जोडलेली दुरुस्ती कोणती, हे सगळं वगळून नुसती प्रस्तावना वाचायची असेल तर रीडर हवाच कशाला?

बऱ्याचदा लेखकाच्या मनात असं काही नसतंच. वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये फीडसाठी ‘पूर्ण मजकूर’ की ‘सारांश’ असा एक पर्याय असतो, तो सारांशावर राहून गेलेला असतो. एक ईमेल टाकून बघावी. साइट एकट्या माणसाची असते, सेटिंग त्याच्याच हातात असतं.

अपडेट: वरचं लिहिलं तेव्हा पाचपैकी तीन तारे देणार होतो, आता चार देतोय. फीडच्या सेटिंगमध्ये, खाली प्रगत भागात, मूळ पानावरच्या लेखाचा सीएसएस सिलेक्टर, म्हणजे पानाचा नेमका कोणता भाग घ्यायचा ते सांगणारी खूण, भरायची जागा आहे. ब्राउझरमध्ये लेखावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा. पुष्कळ ठिकाणी ‘आर्टिकल’ हा टॅग चालतो. त्याने मेनू आणि जाहिरातीही ओढल्या गेल्या तर वर्डप्रेसवर ‘एंट्री-कंटेंट’ हा क्लास बघा, नावाआधी टिंब द्या. अर्थात दोन्ही रोमन लिपीत. मग ‘रीलोड आर्टिकल्स’ दाबा, नाहीतर आधी आलेले लेख अर्धेच राहतात.

पाचवा तारा देत नाही, कारण साइटची रचना बदलली की सिलेक्टर लागत नाही आणि तुम्हाला ते बरेच दिवस कळतही नाही. शिवाय प्रत्येक लेखासाठी पान वेगळं उघडलं जातं, म्हणून रिफ्रेश तासाला एकदाच ठेवा. फीडमध्ये बदल नसेल तर सर्व्हर ३०४ (‘काही बदललं नाही’ असा कोड) देऊन मोकळा होतो. पण सारखं ठोठावलं तर ४२९ (‘फार वेळा विचारलंत’ असा कोड) येतो आणि फीड बंद पडल्यासारखी दिसते. घरून साइट चालवणाऱ्या माणसाला असा त्रास देऊ नये, हेही आहेच.

एक सेटिंग मात्र मनापासून आवडलं: बदललेला लेख पुन्हा ‘न वाचलेला’ करता येतो. हौशी मंडळी जुन्या लेखात ‘ही पद्धत नव्या फर्मवेअरवर चालत नाही’ अशी ओळ घालतात. ती वेळेत दिसली तर राउटर बिघडण्यापासून वाचतो.

मोबाइल ॲप जोडताना बरेच जण अडकतात. आधी ऑथेंटिकेशनमध्ये एपीआय (बाहेरच्या ॲपला आत यायची वाट) चालू करायचा, मग प्रोफाइलमध्ये एपीआयचा वेगळा पासवर्ड ठेवायचा. नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. ऑफलाइन वाचायचं असेल तर ॲपमध्ये चित्रं उतरवण्याचा पर्यायही चालू करा. भुयारी मेट्रोत रेंज गेली की मजकूर राहतो, पण सर्किटचा फोटो गायब होतो, आणि अशा लेखात अर्धं बोलणं त्या फोटोतच असतं.

ओपीएमएल फाइल अधूनमधून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, तेव्हा ज्यांनी यादी काढून ठेवली होती त्यांना दुसऱ्या रीडरमध्ये ती टाकून वाचन पुढे चालू ठेवता आलं. मात्र ओपीएमएल ही फीडची यादी असते, जमवलेले लेख तिच्यात नसतात. तुमच्याकडे सगळं एसक्यूलाइटवर असेल तर डेटा फोल्डरही सोबत कॉपी करा.