प्रिसेशन डिफ्रॅक्शनने स्ट्रेन मोजणं: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

ट्रान्झिस्टरमधला स्ट्रेन (दाबामुळे किंवा ताणामुळे क्रिस्टलमधल्या अणूंच्या अंतरात पडलेला फरक) बघायला आम्ही आधी हाय रिझोल्यूशन इमेज काढून त्यावर जीपीए (इमेजमधल्या अणूंच्या रांगांवरून स्ट्रेन काढणं) करायचो, आता बरेच महिने टेमवर (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) प्रिसेशन डिफ्रॅक्शन वापरतोय, म्हणजे इलेक्ट्रॉन बीम फिरवून मिळणाऱ्या ठिपक्यांच्या पॅटर्नवरून स्ट्रेन मोजतोय, आणि मला तरी परत जुन्याकडे जायचं नाहीये. पण तुमच्याकडे एफआयबीवर (आयन बीमने कापणाऱ्या मशीनवर) लॅमेला (टेमसाठी कापलेला पातळ काप) चांगला बनत नसेल तर आधी तिकडे लक्ष द्या, हे नंतर घ्या.

हे मोजायचं कशाला, तर इंटेलने २००३ साली ९० नॅनोमीटरच्या टेक्नॉलॉजीत पीमॉसच्या (होल्सवर, म्हणजे पॉझिटिव्ह चार्जवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) सोर्स-ड्रेनमध्ये १७ टक्के जर्मेनियमवालं सिलिकॉन-जर्मेनियम भरलं, त्याने मधला चॅनेल (जिथून करंट वाहतो) दोन्हीकडून दाबला जातो आणि होल्सची मोबिलिटी (वाहण्याची सहजता) वाढते. दाब किती यायला हवा ते सिम्युलेशन सांगतं, पण सगळ्या प्रोसेस स्टेप्स झाल्यावर खऱ्या डिव्हाइसमध्ये त्यातला किती उरला हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजायचं तरी केवढं, सिलिकॉनच्या २२० प्लेन्समधलं (अणूंच्या थरांमधलं) अंतर १.९२ अँगस्ट्रॉम, त्याचा ०.१ टक्का म्हणजे ०.००२ अँगस्ट्रॉम!

साध्या नॅनोबीम डिफ्रॅक्शनमध्ये (बीम न फिरवता) डिस्कच्या (पॅटर्नमधल्या गोल ठिपक्यांच्या) आत काळं-पांढरं काहीतरी दिसत राहतं, लॅमेला जरा वाकला किंवा जाडी बदलली की ते पॅटर्न बदलतं आणि फिटिंगवाला प्रोग्रॅम डिस्कचं सेंटरच चुकीचं पकडतो. प्रिसेशनमध्ये बीम अर्ध्या अंशाच्या आसपास तिरका करून गोल फिरवतात, त्यामुळे डिस्क बऱ्यापैकी एकसारख्या भरलेल्या येतात आणि लांबचे स्पॉटही दिसतात. फरक खरंच मोठा आहे, साध्या पद्धतीत ०.१ टक्क्याच्या खालचं काही बोलायला भीती वाटायची, आता चांगल्या लॅमेलावर ०.०२ टक्क्यापर्यंत जाता येतं. शिवाय जीपीएला लागतो तेवढा पातळ लॅमेला लागत नाही, १०० नॅनोमीटर जाडीवरही छान चालतं, आणि नकाशा एका गेटपुरता न राहता आजूबाजूच्या दोन-तीन गेट्सचाही मिळतो. तोटा म्हणजे अलाइनमेंट. पिव्होट पॉइंट (ज्या बिंदूभोवती बीम फिरतो तो) नीट बसला नाही तर १-२ नॅनोमीटरचा प्रोब (लॅमेलावर पडणारा बीमचा ठिपका) पसरतो आणि चॅनेलच्या कडेचा स्ट्रेन पुसट होऊन जातो, आणि हे नकाशात कळत नाही, प्रोब स्वतः बघावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आकडा मिळतो तो लॅमेलाचा, वेफरचा नाही. आम्ही साध्या सिलिकॉनवर वाढवलेला २० टक्के जर्मेनियमचा थर घेऊन बघितलं. थर आणि खालच्या सिलिकॉनच्या अणूंच्या अंतरातला मिसमॅच साधारण ०.८ टक्का, थर आडवा दाबला गेल्यामुळे उभा ताणला जातो, म्हणून एक्सरेवर सब्सट्रेटच्या (खालच्या सिलिकॉनच्या) तुलनेत उभ्या दिशेत १.३ ते १.४ टक्के यायला पाहिजे आणि आलंही तसंच, पण टेममध्ये त्याहून कमी आलं. मशीनचा ह्यात काही दोष नाही, पातळ कापल्यावर थराला बीमच्या दिशेने मोकळं व्हायला जागा मिळते आणि स्ट्रेन सुटतो, लॅमेला जितका पातळ तितका जास्त. म्हणून रिपोर्टमध्ये जाडी लिहिल्याशिवाय मी आता कुठलाच आकडा पाठवत नाही, आणि दुसऱ्यांच्या रिपोर्टमध्येही आधी तेच शोधते.

रेफरन्स (स्ट्रेन नसलेली जागा, जिच्याशी बाकीचं ताडून बघतात) कुठून घेताय तेही बघा. डिव्हाइसपासून खाली, लांब सब्सट्रेटमध्ये घ्या, गेटच्या जवळ घेतलात तर तिथल्या सिलिकॉनमध्ये आधीच स्ट्रेन असतो आणि सगळा नकाशा सरकतो. लॅमेलाचं फिनिशिंग एफआयबीवर ५ आणि मग २ केव्हीवर करा, ३० केव्ही गॅलियम आयनने दोन्ही बाजूंना अमॉर्फस (क्रिस्टलची रचना मोडलेला) थर राहतो, त्याने पॅटर्नचं बॅकग्राउंड वाढतं.

प्लेनर (सपाट) डिव्हाइस आणि सिलिकॉन-जर्मेनियमच्या थरांसाठी मनापासून रेकमेंड करीन. फिनफेटला (ज्यात चॅनेल उभ्या अरुंद पट्टीसारखा, म्हणजे फिन, असतो) मात्र अवघड आहे, फिन लॅमेलापेक्षा अरुंद असतो, त्यामुळे बीमच्या वाटेत ऑक्साइड आणि गेटचं मेटलही येतं आणि मेटलचे स्पॉट सिलिकॉनच्या स्पॉटवर चढतात. तिथे मी नुसत्या नकाशावर विसंबत नाही, संशय आला की त्या पॉइंटचे कच्चे पॅटर्न उघडून डोळ्याने बघते, त्यात वेळ जातो पण दुसरा उपाय सध्या तरी मला सापडलेला नाही.