मुलांकडे वर्षातले काही महिने: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया की न्यूझीलंड?

कोथरूड घ्या, डोंबिवली घ्या, नाहीतर नाशिक. निवृत्तीनंतर ‘काही महिने इथे, काही मुलांकडे’ असं ठरवलेली जोडपी आता प्रत्येक सोसायटीत सापडतात. त्यांना सल्ला देणारेही सापडतात, पण बहुतेकांची गाडी ‘आम्हाला दहा वर्षांचा व्हिसा मिळाला’ यावरच थांबते. दहा वर्षांचा मिळाला, छान झालं. पण एका खेपेला राहता किती येतं, आजारपणाचा खर्च कोण करतं आणि कर कुठे लागतो, हे पाहिल्याशिवाय त्या दहा वर्षांना फारसा अर्थ नाही.

अमेरिकेचा बी१/बी२, म्हणजे पाहुण्यांचा, व्हिसा भारतीयांना सहसा दहा वर्षांचा मिळतो. राहण्याची मुदत मात्र व्हिसावर नसते, ती विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि बहुधा सहा महिने देतो. उतरल्यावर मुलाला सांगून ऑनलाइन आय-९४ ची, म्हणजे तुमच्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची, नोंद काढून घ्या आणि त्यावरची तारीख फ्रिजवर चिकटवा. ती तारीख एका दिवसाने जरी उलटली तरी दहा वर्षांचा व्हिसा आपोआप बाद होतो. मुदतवाढीसाठी आय-५३९ हा अर्ज आहे, पण आजारपणासारखं ठोस कारण नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. पुढच्या वेळी अधिकारी विचारतोच, ‘मागच्या वेळी इतके दिवस काय करत होतात?’ दोन खेपांमध्ये किती अंतर हवं, असा लेखी नियम नाही. तरी सहा महिने राहून दोन महिन्यांनी परत दारात उभं राहिलं की तुम्ही पाहुणे राहिलेले नाहीत, असा त्याचा समज होतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

म्हणून तर बाळंतपणात आपल्याकडे आळीपाळी लागते: आधी सहा महिने मुलीची आई, तिने विमान पकडलं की मुलाची आई. व्याही-विहिणींची गाठ विमानतळावरच.

कॅनडात ही कसरत करावी लागत नाही. तिथला सुपर व्हिसा फक्त नागरिक किंवा पीआर (कायम वास्तव्याची परवानगी) असलेल्यांच्या आई-वडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी आहे. तो दहा वर्षांपर्यंतचा असतो आणि जुलै २०२२ पासून एका खेपेला सलग पाच वर्षं राहता येतं. तुम्ही पाच वर्षं राहणार नाही, हे कळतं. मुद्दा असा की सातव्या महिन्यात सुनेला बरं नसेल किंवा नातवाची शाळा बदलत असेल, तर तुम्ही तारखेकडे न बघता थांबू शकता. बदल्यात वैद्यकीय तपासणी, किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एक वर्षाचा आरोग्य विमा, आणि मुलाचं उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या किमान आकड्याच्या वर असल्याचे कागद लागतात. घरातली डोकी मोजताना तुम्हा दोघांनाही धरतात, हे बरेच जण विसरतात.

इथेच या दोन देशांतला खरा फरक दिसतो. अमेरिकेत मुलगा एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असला तरी तुम्ही बी२ वर जाऊ शकता, कारण अर्ज तुमचा आणि मुलाखतही तुमची. कॅनडात मुलगा अजून वर्क परमिटवर असेल तर सुपर व्हिसा नाही, साधा व्हिजिटर व्हिसाच आणि तोही सहसा सहा महिन्यांच्या मुक्कामाचा. अमेरिकेच्या मुलाखतीसाठी आपल्याला मुंबईत बीकेसी गाठावी लागते. पूर्वी ७९ वर्षांपुढच्यांना मुलाखतीतून सरसकट सूट होती, ती २ सप्टेंबर २०२५ पासून गेली. व्हिसा संपून वर्ष उलटायच्या आत नूतनीकरणाला टाकलात तर सूट मिळू शकते, तेव्हा ती तारीख हुकवू नका.

ऑस्ट्रेलियात दोन वाटा आहेत. पर्यटक व्हिसावर, म्हणजे सबक्लास ६०० वर, प्रकरण बघून तीन, सहा किंवा बारा महिने मिळतात. दुसरी वाट सबक्लास ८७०, खास पालकांसाठी, २०१९ पासूनची. तीन किंवा पाच वर्षं सलग राहा, एकूण दहा वर्षांपर्यंत. सुरुवातीला तिची फी माणशी तीन वर्षांसाठी ५ हजार आणि पाच वर्षांसाठी १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होती, पुढे ती वाढतच गेली. जोडप्याने पाच वर्षांचा घेतला तर नुसत्या फीचेच दहा लाख रुपयांच्या वर जातात. वर्षातले चार महिने राहणाऱ्याने हा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षभराचं घरभाडं भरून दिवाळीपुरतं राहायला जाण्यातला तो प्रकार. सलग वर्ष-दोन वर्षं नातवंडं सांभाळायची असतील तर गोष्ट वेगळी.

न्यूझीलंडने सप्टेंबर २०२५ मध्ये पॅरेंट बूस्ट व्हिसा सुरू केला. पाच वर्षांचा, पुढे आणखी एकदा वाढवून दहा. यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे मुलाचं उत्पन्न पुरेसं नसेल तर तुमच्या स्वतःच्या उत्पन्नावर किंवा पुंजीवरही अर्ज करता येतो. पुंजीची अट एकट्यासाठी १ लाख ६० हजार, जोडप्यासाठी २ लाख ५० हजार न्यूझीलंड डॉलर. पुण्यात एखादा फ्लॅट विकलेल्याला हे जमण्यासारखं आहे. जुना पालक-आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसा यापेक्षा साधा आहे: एका वेळी सहा महिने आणि तीन वर्षांत मिळून अठरा महिने. दर वर्षी सहा महिने राहायचं तर हिशेब तंतोतंत बसतो.

आता विमा, कारण साठीनंतर खरा खर्च तिथे आहे. अमेरिका बी२ साठी विमा मागत नाही, आणि लोक तेवढ्यावर खूश होतात. तिथल्या एका रात्रीच्या इस्पितळाचं बिल पाहिलेला माणूस असा खूश होत नाही. पाहुण्यांच्या पॉलिसीत जुना आजार बहुतेक वेळा फक्त अचानक उसळला तरच, तोही मर्यादेत, धरला जातो. इथून घेतलेल्या प्रवास विम्याच्या मुदतीला सहसा १८० दिवसांची मर्यादा असते. कॅनडाच्या पॉलिसीत ‘स्थिर प्रकृती’ची अट नीट वाचा. समजा, रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं ५ मिलिग्रॅमची होती आणि निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी १० ची केली. पॉलिसी सुरू होण्याआधी ९० किंवा १८० दिवस आजार आणि औषध जसंच्या तसं असायला हवं, अशी अट असेल तर रक्तदाबाशी जोडलेला दावा तिथेच अडकतो. डोस कमी केला तरी बऱ्याच कंपन्या तो बदलच मानतात. तपासणी करून औषधं बसवून घ्यायची तर ती निघायच्या सहा-सात महिने आधी.

मुलगा अमेरिकन नागरिक झाला की घरात विषय निघतो: ‘बाबा, तुमचं ग्रीन कार्डच करून टाकू.’ वर्षातून काही महिनेच जाणाऱ्याने याला नम्रपणे नाही म्हणावं. कार्ड हे तिथे राहण्यासाठी असतं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर प्रश्न येतात आणि री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, न काढता वर्षभर बाहेर राहिलात तर कार्ड धोक्यात. त्याहून मोठी डोकेदुखी कराची. कार्ड घेतलं की जगभरातलं उत्पन्न अमेरिकेला दाखवायचं. इथे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याज तिथे करमुक्त नाही, आपल्या म्युच्युअल फंडांना तिथे वेगळे आणि किचकट नियम, आणि परदेशी खात्यांत मिळून कधीही १० हजार डॉलरच्या वर रक्कम गेली की एफबार हे परदेशी खात्यांचं विवरणपत्र भरायचं. चार ठेवी असलेला निवृत्त बँक कर्मचारी ही सीमा पहिल्याच दिवशी ओलांडतो.

बी२ वाल्यांनाही हिशेब आहेच. अमेरिका चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश दिवस मोजते. बेरीज १८३ झाली की करापुरते तुम्ही रहिवासी. दर वर्षी १२१ दिवस राहिलात तर बेरीज १८१.५ होते. १२२ केलेत की बरोबर १८३. त्या वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस राहिला असाल आणि घरदार, पेन्शन सगळं भारतात असेल तर फॉर्म ८८४० भरून सुटता येतं, पण तो वेळेत भरावा लागतो. कॅनडात एका कॅलेंडर वर्षात १८३ दिवस झाले की हा प्रश्न उभा राहतो, मग भारताशी असलेला करार पाहावा लागतो. पाच-सहा महिने बाहेर राहणारा भारतात करापुरता बहुतेक वेळा रहिवासीच राहतो, कारण इथे १८२ दिवस भरले नाहीत तरी ६० दिवसांचा दुसरा निकष आहे.

मग निवड? मुलं अमेरिकेत असतील आणि तुम्हाला चार महिने पुरत असतील तर बी२ पुरेसा आहे, चांगला विमा तेवढा घ्या. मुलं कॅनडात पीआर असतील तर डोळे झाकून सुपर व्हिसा. न्यूझीलंडला वर्षातले सहा महिने राहायचं तर आधी जुना व्हिसा, त्याहून जास्त हवं असेल तरच पॅरेंट बूस्ट. ऑस्ट्रेलियात आधी ६०० मागून बघा.

महिने निवडताना पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात असतो, हे लक्षात ठेवा. उत्तरेकडच्या दोन देशांत एप्रिल ते ऑक्टोबरच्या दरम्यान राहून दिवाळीला परत येणं त्यामुळे सोयीचं पडतं. मेलबर्न-ऑकलंडकडे उलटं, तिथला उन्हाळा डिसेंबरपासून. औषधं चारही देशांत साधारण तीन महिन्यांचीच नेता येतात, सोबत डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी हवी. त्यापुढच्या महिन्यांसाठी तिथला डॉक्टर आणि त्याची फी मुलाने आधीच विचारून ठेवावी.